गिरणीच्या ओट्यावरचं बीपीचं मशीन: सव्वादोन वर्षं वापरून

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं डिजिटल मशीन मी ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्यातल्या एका मेडिकलमधून घेतलं. किंमत २,१५० रुपये. डब्यात मशीन, एक पट्टा, चार पेन्सिल सेल, कापडी पिशवी आणि माहितीपत्रक. विजेवर चालवायचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागला, ४५० रुपयांना. जाड दंडाचा मोठा पट्टा तीन महिन्यांनी घेतला, त्याचे ९०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. मशीनबद्दल माझं मत चांगलं आहे आणि त्यांच्या दुरुस्तीबद्दल वाईट. शिवाय खाली जे सांगणार आहे ते बहुतेक कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडतं.

आमची कोरेगाव तालुक्यात पिठाची गिरणी आहे. सव्वीस वर्षं झाली. सकाळी ज्वारी, बाजरी, गहू. उन्हाळ्यात मिरची-हळदीचं कांडप वेगळ्या मशीनवर. आधी मालक, म्हणजे माझे यजमान, आणि मी दोघं चालवायचो, आता मी एकटी चालवते. लेक बी.फार्म. करते, ती सुट्टीत येते.

मालक फेब्रुवारी २०१९ मध्ये गेले. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून उसाला पाणी द्यायला रात्रीच रानात गेले होते. पहाटे साडेपाचच्या सुमाराला शेजारच्या रानातल्या पोराला ते बांधावर बसलेले दिसले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलायचा प्रयत्न करत होते पण शब्द फुटत नव्हता. घरी आणल्यावर जाणत्या माणसांनी सांगितलं, अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा. आम्ही तेल चोळलं. त्यात तास-सव्वा तास गेला. मग गाडी शोधली, तालुक्याला नेलं, तिथून साताऱ्याला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव निघाला. तिसऱ्या दिवशी गेले. वय ५७.

दहाव्याच्या आदल्या दिवशी कपाटातले कागद काढताना २०१६ सालचा एक केसपेपर सापडला. त्यावर १७०/१०० लिहिलेलं होतं आणि खाली रोज एक गोळी. ती गोळी त्यांनी महिनाभर घेतली होती, हे मला आठवतं. नंतर म्हणाले, मला काही होत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, कशाला गोळी? मीही पुढे विचारलं नाही. चौकातल्या फ्लेक्सवर 'अल्पशा आजाराने निधन' असं छापलं होतं. आजार निदान तीन वर्षांचा होता आणि त्याचा आकडा आमच्याच कपाटात होता.

हे सगळं मशीनच्या परीक्षणात लिहायचं कारण असं की हे मशीन काय कामाचं आहे, ते त्या कागदाशिवाय मला सांगता येत नाही.

लेकीने एकदा जागतिक आरोग्य संघटनेची यादी वाचून दाखवली होती, जगात माणसं कशाने मरतात त्याची. २०२१ मध्ये जगभरात ६ कोटी ८० लाख माणसं गेली आणि त्यातली ३ कोटी ९० लाख फक्त दहा कारणांनी. ते कोरोनाचं वर्ष होतं, कोरोनाने ८८ लाख नेले. तरीही पहिल्या नंबरावर कोरोना नव्हता. पहिला नंबर हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन किंवा तुंबून येणाऱ्या हृदयविकाराचा, दर शंभरातले तेरा. तिसरा पक्षाघाताचा, शंभरातले दहा. त्याखाली दम्यासारखा वाटणारा फुप्फुसाचा जुना आजार, न्यूमोनिया, फुप्फुसाचा कर्करोग, स्मृतिभ्रंश, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार आणि टीबी. मूत्रपिंडाचे आजार २००० साली एकोणिसाव्या नंबरावर होते, ते नवव्यावर आले. लेक म्हणाली, आई, यातला पहिला, तिसरा आणि नववा बघ, तिन्हींच्या मागे वाढलेलं बीपी असतं. वाढलेल्या बीपीमुळे जगात वर्षाला एक कोटीच्या वर माणसं मरतात असा हिशोब आहे, आणि बीपी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते आपल्याला आहे हेच माहीत नसतं. मालकांना तर माहीत होतं.



सुरुवातीला मशीन फक्त माझ्यासाठी होतं. पण गिरणीत माणसं दळणाला थांबतात. दहा किलो ज्वारी पुढे असली की पंधरा-वीस मिनिटं बसावंच लागतं. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं आणि दवाखान्यात नेमकं तेच होत नाही. तिथे माणूस धापा टाकत आत जातो आणि लगेच पट्टा बांधतात. आमच्याकडे बसणं आपोआप होतं. म्हणून मशीन गिरणीत ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात अडचण आली. दर दोन-तीन वेळांमागे एकदा आकड्याऐवजी चुकीची खूण यायची, किंवा त्याच माणसाचा आकडा एकदा १३० आणि लगेच १५२. मला वाटलं, खराब मशीन गळ्यात मारलं. लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, बाकडं कुठे आहे? बाकडं गिरणीच्या चौथऱ्याला लागून होतं. दहा एचपीची मोटर चालू असली की त्या चौथऱ्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा थरथरतो. तिने मग हे मशीन चालतं कसं ते समजावलं. डॉक्टर कानात नळी घालून दंडाच्या शिरेतला आवाज ऐकतात. ही रीत कोरोत्कॉफ नावाच्या रशियन डॉक्टरांनी १९०५ मध्ये शोधली. डिजिटल मशीन आवाज ऐकतच नाही. पट्टा हवेने फुगवून शीर दाबली जाते, मग हवा सावकाश सोडताना शिरेच्या ठोक्यामुळे पट्ट्यातल्या हवेला बारीक हेलकावे बसतात. मशीन ते हेलकावे मोजतं. हेलकावा सर्वांत मोठा जिथे, तो रक्ताचा सरासरी दाब, आणि त्यावरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीने ठरवलेल्या गणिताने काढला जातो. म्हणजे गिरणीचा कितीही आवाज असला तरी या मशीनला फरक पडत नाही, पण थरथर चालत नाही. बाकडं थरथरलं की दंड थरथरतो आणि मशीनला तोही ठोकाच वाटतो.

बाकडं काढून बाहेर ओट्यावर लिंबाच्या सावलीत पाठीची प्लास्टिक खुर्ची ठेवली, पुढे शिलाई मशीनचं जुनं टेबल. ते टेबल बरोबर उंचीचं निघालं, त्यावर हात ठेवला की दंड छातीच्या पातळीवर येतो. हात खाली लोंबत राहिला तर दर दहा सेंटीमीटरमागे आकडा सात-आठने जास्त येतो. ओट्यावर गेल्यापासून चुकीची खूण महिन्यात एखाद-दुसऱ्यांदा येते, तीही कोणी मध्येच हात हलवला तर. तेव्हा ज्यांना मशीन खराब वाटतंय त्यांनी आधी आपण कशावर बसलोय ते बघावं. चालत्या एसटीत, ट्रॅक्टरवर, चालू पंख्याच्या डगमगत्या टेबलाजवळ मोजू नये.

आता पट्ट्याबद्दल, कारण माझ्या मते या वस्तूत पट्टा महत्त्वाचा आहे आणि दुकानात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मशीनबरोबर आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी आहे. हे पट्ट्यावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. आमच्या गावात कुस्तीची तालीम जुनी. साठी ओलांडलेले पैलवान अजून आहेत आणि त्यांचे दंड बत्तिसात बसत नाहीत. एक तात्या आले, पट्टा जेमतेम चिकटला, आकडा १६८/९८. पुन्हा घेतला, १६४. ते घाबरले, मीही घाबरले. त्यांना लगेच आरोग्य उपकेंद्रात पाठवलं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी मोठा पट्टा बांधून मोजलं तर १४४/८८. दंडाला पट्टा लहान पडला की शीर दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर उलट होतं, आकडा कमी दिसतो आणि बीपी असलेला माणूस निर्धास्त घरी जातो. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट.

त्या दिवसानंतर मी ३२ ते ४२ चा पट्टा मागवला आणि शिवणाची टेप टेबलाला बांधून ठेवली. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजायचा आणि मग पट्टा निवडायचा. आमच्या गावात निदान दर पाच-सहा माणसांत एकाला मोठा पट्टा लागतो. कंपनीने दोन्ही पट्टे डब्यात द्यावेत, हवं तर दोनशे रुपये जास्त घ्यावेत. आत्ताच्या पद्धतीत जाड दंडाचं गिऱ्हाईक २,१५० रुपये देऊन खोटा आकडा घरी नेतं.

बायकांच्या बाबतीत वेगळाच प्रश्न. घट्ट बाहीचं पोलकं वर सरकवलं की बाहीच दंडाला फास लावते आणि पट्टा तिच्या खाली येतो. त्याने आकडा बिघडतो. मी गिरणीच्या आतल्या खोलीत सैल बाहीची दोन जुनी ब्लाउज ठेवली आहेत. ज्यांना चालेल त्या बदलून येतात. बारीक सुती कापडावरून पट्टा बांधला तरी चालतं, पण घडी नको.

आणि मशेरी. आमच्या भागातल्या पन्नाशीपुढच्या कितीतरी बायका सकाळी मशेरी लावून दळण घेऊन येतात. ती तंबाखूच आहे. लावल्यानंतर अर्ध्या तासात मोजलं तर आकडा चढलेला असतो. चहाचंही तेच. मी आधी विचारून घेते आणि मशेरी लावली असेल तर म्हणते, दळण घ्या, दुकानात जाऊन या, मग बसा. लघवी तुंबलेली असताना बसू नये, बोलू नये, पायावर पाय टाकू नये, पाय जमिनीवर टेकलेले हवेत. यातलं सर्वांत अवघड न बोलणं. गिरणीवर माणूस गप्प बसतच नाही. माझी एक चुलत जाऊ आहे, तिचा आकडा बोलताना १४६ आणि गप्प बसून १३१. दोन्ही आकडे वहीत मुद्दाम शेजारी-शेजारी लिहून ठेवलेत आणि बोलक्या माणसांना दाखवते.

पहिल्यांदा येणाऱ्याचे दोन्ही हात मोजते. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवत नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ या, असं सांगते. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढते. दवाखान्यात १४०/९० ला जास्त धरतात, घरी मोजताना १३५/८५ ला. मी गोळीचं नाव कधीही सांगत नाही, चालू असलेली गोळी कमी कर, बंद कर असं तर नाहीच. कागदावर सात दिवसांचे आकडे लिहून देते आणि उपकेंद्रात पाठवते. पैसे घेत नाही.

मशीन खरं बोलतं का, याची परीक्षा मी सहा महिन्यांतून एकदा करते. उपकेंद्रात नेते, ताई त्यांच्या मशीनवर आणि माझ्या मशीनवर एकाच माणसाचं, एकाच हाताचं, पाठोपाठ मोजतात. आतापर्यंत चार वेळा झालं. जास्तीत जास्त फरक पाचचा होता. घेताना मात्र एक बघायला हवं होतं ते मी बघितलं नव्हतं, लेकीने नंतर तपासलं: ते मॉडेल माणसांवर चाचणी होऊन प्रमाणित झालेलं आहे की नाही. अशा मॉडेलांच्या याद्या डॉक्टरांच्या संघटना प्रसिद्ध करतात. माझं निघालं, नशीब. बाजारात निम्म्या किमतीत मिळणारी कितीतरी मशीनं अशी चाचणी न झालेली असतात. मनगटाला बांधायचं मशीन स्वस्त आणि सुटसुटीत दिसतं, पण मनगट छातीच्या पातळीवर नेमकं धरलं नाही तर आकडा भरकटतो, आणि म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही. एक भाचा मनगटावरचं घड्याळ दाखवत होता, त्यातही बीपी येतं म्हणून. त्याच्या घड्याळाने आणि माझ्या पट्ट्याने पाच मिनिटांच्या आत अठराचा फरक दाखवला. मी पट्ट्यावर विश्वास ठेवला.

या मशीनमधली एक सोय अशी की नाडीचे ठोके अनियमित असले तर पडद्याच्या कोपऱ्यात हृदयाचं चित्र लुकलुकतं. वर्षभर मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मागच्या श्रावणात गल्लीतल्या एक आक्का आल्या, वय ७१. आकडा १३८/८२, म्हणजे फार नाही. पण चित्र लुकलुकलं. पुन्हा मोजलं, पुन्हा लुकलुकलं. दुसऱ्या दिवशी तेच. मनगटावर बोटं ठेवून बघितलं तर नाडीला ताल नव्हता, दोन पटापट, एक गायब, मग एक जोराचा. आक्कांना काहीच जाणवत नव्हतं, जरा दम लागतो एवढंच. प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजी काढला आणि तिथून पुढे पाठवलं. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत होता. अशा वेळी तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. ज्यांना हा त्रास आहे त्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या पाचपट. आक्कांना रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. आक्का आज गौरीचे पापड स्वतः लाटतात. त्यांच्यासाठी हे मशीन २,१५० रुपयांचं नव्हतं एवढंच मी म्हणेन. एक गोष्ट ध्यानात ठेवा: नाडी अशी बेताल असली की आकड्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण मशीनचं गणितच ठोक्यांवर आहे. तीनदा मोजून सरासरी घ्यायची.

दवाखान्यात गेलं की आकडा वाढतो, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले आणि मला ते निमित्त वाटायचं. तसं नाही. इथले एक तरुण शिक्षक आहेत. दवाखान्यात १५० च्या पुढे, ओट्यावर सात दिवसांची सरासरी १२४/७८. डॉक्टरांनी वही बघून गोळी लगेच सुरू केली नाही, तीन महिन्यांनी पुन्हा वही आणा म्हणाले. आणि याच्या बरोबर उलट माणसंही आहेत. तपासणीच्या दिवशी १३०, आणि आमच्या ओट्यावर रोज सकाळी १५०. एक ट्रकचालक दादा तसे निघाले. रात्रभर गाडी, पहाटे तंबाखू, झोप चार तास. दवाखान्याच्या एका आकड्यावर ते आणखी दहा वर्षं निर्धास्त राहिले असते.

वहीत सध्या ८६ माणसं आहेत. त्यातल्या ३४ जणांची सरासरी १३५/८५ च्या वर निघाली आणि त्यांतल्या १९ जणांना आधी काहीही माहीत नव्हतं. बहुतेकांची गोळी उपकेंद्रातून फुकट चालू आहे. राज्य सरकारं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू केला, त्यात आपलं महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होतं आणि पहिल्या काही जिल्ह्यांत सातारा होता. महिन्याच्या गोळ्या एकदम देतात, कार्डावर आकडा लिहितात. म्हणजे २०१९ मध्ये मालक गेले तेव्हा जिल्ह्यात हे चालू होतं. आम्हाला ठाऊक नव्हतं. मी कोणाला दोष देत नाही, पण हे लिहिताना हात थांबतो.

गोळी सुरू झाल्यावरच खरं काम सुरू होतं, हे मला वहीनेच शिकवलं. दोन महिन्यांत आकडा १२६ वर येतो आणि माणूस म्हणतो, बरा झालो, आता कशाला गोळी. मग मी पान उलटून आधीचा आकडा दाखवते. गोळी चालू आहे म्हणून १२६ आहे. सहा जणांनी तरीही बंद केली. चौघांचा आकडा महिना-दीड महिन्यात जिथला तिथे गेला, ते पान बघून पुन्हा सुरू केली. दोघं ओट्यावर यायचेच बंद झाले. त्यांच्या घरी दळण पोहोचवायला मी स्वतः जाते, म्हणजे निदान विचारता येतं.

मिठाबद्दल एकच सांगते. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा सपाट, असं सांगतात. आमच्याकडे भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, सांडगी मिरची, पापड, वरून ताटात मिठाची चिमूट. ताटातली चिमूट बंद करणं सर्वांत सोपं, तिथून सुरुवात करा. चीनमध्ये सहाशे खेड्यांत साधारण एकवीस हजार माणसांवर पाच वर्षं प्रयोग झाला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना सोडियम कमी आणि पोटॅशियम घातलेलं मीठ. ते मीठ खाणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. खेड्यातलाच प्रयोग, आमच्यासारख्याच स्वयंपाकघरांतला, म्हणून मला पटला. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असलेल्यांनी ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, त्यांना ते धोक्याचं ठरतं.

मशीनचे दोष आता. पडद्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी. आकडे मोठे आहेत, ते सासूबाईंनाही चष्म्याविना वाचता येतात, पण कुठला आकडा वरचा आणि कुठला खालचा हे ज्याला इंग्रजी येत नाही त्याला कळत नाही. मी पडद्याच्या कडेला 'वरचं', 'खालचं', 'नाडी' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. सेल बदलले की तारीख-वेळ पुसली जाते आणि ती पुन्हा लावायची म्हणजे दोन बटणांची कसरत. म्हणून अडॅप्टर घ्या. मशीनमध्ये साठ आकडे साठतात, पण कोणाचा कुठला ते कळत नाही, एका घरात दोघं वापरणार असतील तरच ती साठवण कामाची. वही काढा, दोनशे पानी, पंचवीस रुपयांची.

पीठ हा आमचा खास त्रास. पट्ट्याच्या चिकटपट्टीत पीठ बसतं आणि ती धरेनाशी होते. जुन्या दातांच्या ब्रशने दर रविवारी साफ करते. पट्टा धुवायचा नसतो, ओल्या फडक्याने पुसायचा. तरीही चौदाव्या महिन्यात लहान पट्ट्याची नळी जोडापाशी फुटली, हवा भरायची आणि गळायची. मशीनची हमी जास्त वर्षांची, पट्ट्याची मात्र एकाच वर्षाची, हे तेव्हा कळलं. दुरुस्ती केंद्राला सात फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायचं, आणि भाषा हिंदी नाहीतर इंग्रजी. पट्टा येईल म्हणून पाच आठवडे थांबले. त्या पाच आठवड्यांत अकरा माणसांचा आठवडा अर्धवट राहिला, त्यात नुकत्याच गोळ्या सुरू झालेले तिघं होते. शेवटी मेडिकलवाल्यांनी दुसरीकडून मूळ कंपनीचाच पट्टा आणून दिला, तो लगेच चालला. बिनकंपनीचा स्वस्त पट्टा बसवू नका. गणित त्याच पट्ट्यावर बसवलेलं असतं, दुसरा पट्टा आकडा दाखवेल पण तो बरोबर असेलच असं नाही.

दोन वेळा आकडा १८० च्या वर गेला. एकदा यात्रेच्या आदल्या दिवशी एक वहिनी, १८६/११२, बाकी काही त्रास नाही. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, १७८. त्याच दिवशी दुपारी उपकेंद्रात पाठवलं, गोळी सुरू झाली. दुसऱ्या वेळी एक आजोबा, १९४/१२०, आणि बोलताना जीभ जड. त्यांना दुसऱ्यांदा मोजलं नाही. गिरणी बंद केली, १०८ ला फोन लावला, त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळात बघून कागदावर लिहिलं आणि तो कागद त्यांच्या खिशात ठेवला. गुठळीचा पक्षाघात असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी मशीन बाजूला ठेवा. तेल चोळत बसू नका. गाडी थेट स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या. आजोबा काठी टेकत चालतात आता, उजवा पाय थोडा ओढतात. परवा नाचणी दळायला स्वतः आले होते.

घ्यावं का, असं मला रोज कोणीतरी विचारतं. घरात चाळिशीपुढचं माणूस असेल, बीपीची गोळी कोणाला चालू असेल, घराण्यात कोणाला हृदयविकार किंवा पक्षाघात झाला असेल तर घ्यावं. दोन-तीन घरांत मिळून घेतलं तरी चालेल, गल्लीत एक पुरतं. ज्याला आकडा बघून धडधड वाढते आणि दिवसात दहा वेळा पट्टा बांधावासा वाटतो, त्याने मात्र मशीन स्वतःजवळ ठेवू नये. घरातल्या दुसऱ्याने सकाळ-संध्याकाळ मोजावं. आमच्याकडे अशा एक मामी आहेत, त्यांचं मशीन सुनेच्या कपाटात असतं.

दुकानात जाताना शिवणाची टेप बरोबर न्या आणि ज्याच्यासाठी घेताय त्याच्या दंडाचा घेर घरीच मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. बत्तीसच्या वर असेल तर मोठा पट्टा तिथेच मागून घ्या, दुकानदार आपणहून विचारणार नाही. मशीन मनगटाचं नको, दंडाचंच. आणि डबा उघडल्या दिवशी ते जवळच्या उपकेंद्रात नेऊन एकदा ताडून बघा.

मालकांचा तो २०१६ चा केसपेपर मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वहीच्या पहिल्या पानाला पिन केला आहे. गोळी बंद करतो म्हणणाऱ्याला मी काही बोलत नाही, ते पान उघडते.